दुसरं यायला सगळे तयार

चढ संपला तशी मावशी भिंतीला हात टेकून उभी राहिली. "दोन घरं झाली," ती म्हणाली. "आता फिटरकाका. तिथे मी बोलते. तू फक्त हसू नकोस."

"मी कशाला हसू?" भाची म्हणाली, आणि तिथेच हसली.

"बघ. हेच म्हणत होते."

जेवणं आटोपून दोघी निघाल्या होत्या आणि आता ऊन उतरायला लागलं होतं. सुट्टीचा दिवस, त्यामुळे कामगारांच्या वसाहतीत दारं उघडी, रेडिओ चालू, दोऱ्यांवर आठवड्याचे कपडे. मोज्यांच्या कारखान्यात सगळेच तिला मावशी म्हणतात. हिची मात्र ती सख्खी मावशी, आईची थोरली बहीण. भाची मोज्यांची बोटं शिवायच्या यंत्रावर बसते. शिवाय कामगारांच्या वार्षिक अंकात दरवर्षी एका जुन्या माणसावर चार पानं लिहायचं काम तिच्या गळ्यात पडलेलं, कारण तिचे निबंध बरे असतात असं शाळेपासून कोणीतरी ठरवून टाकलेलं. यंदा मावशीची पाळी होती. "मुलाखत-बिलाखत मला जमायची नाही," मावशीने सांगितलं होतं. "माझ्याबरोबर चाल. चालताना विचार काय ते."

पण मावशी काही मुलाखत द्यायला निघाली नव्हती. ती माफी मागायला निघाली होती.

मावशी कारखान्याचं पाळणाघर सांभाळते, कारखाना जितका जुना जवळजवळ तितक्याच वर्षांपासून. एकेकाळी तिथे सतरंजीला सतरंजी लागलेली असायची. एका बाळाचं दूध घेऊन दुसऱ्या टोकाला जायचं तर पाऊल आडवं टाकावं लागे. आता त्या लांबलचक खोलीत चार मुलं आहेत, आणि त्यातलं एक पुढच्या वर्षी शाळेत जाईल. मॅनेजरसाहेब माणूस वाईट नाही. त्यांनी मावशीला खुर्ची दिली, चहा मागवला आणि मग सांगितलं, "मावशी, नियम बाळांचा आहे. बाळंच नाहीत तर मी वरती काय सांगू?"

"मग म्हातारे आणते," मावशी म्हणाली.

साहेबांना वाटलं, चिडून बोलली. पण ती चिडली नव्हती. पाळणाघराच्या खिडकीतून तिला रोज फाटक दिसतं, आणि फाटकावर 'कामगार पाहिजेत' ही पाटी इतके दिवस लटकलेली आहे की उन्हाने तिची अक्षरं विटली. नवीन पोरी येत नाहीत, कारण नवीन पोरी मुळात जन्मल्याच कमी. आणि ज्या बाया आहेत, हात बसलेल्या, त्या एकेक करून काम सोडतात. बाळासाठी नाही. घरी सासू पडली, बापाला दिसेना, सासऱ्याला एकटं ठेवता येईना. साहेबांनाही हे ठाऊक होतं, त्यांची स्वतःची आईही घरी पडून होती. पण हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न असं ते धरून चालले होते. बराच वेळ ते पेन्सिल टेबलावर आपटत राहिले. मग म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत खोलीत दहा डोकी दाखवा, लहान-मोठी कशीही. दाखवलीत तर मी वरती भांडतो. नाही दाखवलीत तर कुलूप."

भाचीचं सगळंच त्या कुलपावर अडकलेलं होतं. तिच्या सासूबाई गेल्या थंडीत न्हाणीत पडल्या, तेव्हापासून त्यांना एकटं ठेवायची सोय उरली नव्हती. दिवसभर शेजारीण येऊन बसायची; पण शेजारीण पुढच्या महिन्यात आपल्या लेकीकडे राहायला जाणार होती. म्हणजे मग भाचीने यंत्रावरून उठायचं आणि घरी बसायचं, हे घरात न बोलता ठरल्यासारखं होतं. नवऱ्याच्या एकट्याच्या पगारात धाकट्या लेकीची नर्सिंगची फी बसत नव्हती. खोली हवी होती, कोणाहीपेक्षा तिलाच हवी होती. पण सासूबाईंना तिथे न्यायचा विषय तिने अजून मावशीकडे काढला नव्हता, आणि मावशीनेही तो काढला नव्हता.

आता माफीचं. पहिल्या दिवशी तीन म्हातारी माणसं आली: फिटरकाका, टायपिस्टबाई आणि दुकानवाले आजोबा. मावशीने पहाटेच देवाजवळ दिवा लावून, हात जोडून सांगितलं होतं, की बाबा, एवढं नीट पार पडू दे. देवाने त्याच्या बाजूने कसूर केली नसावी. घोळ मावशीच्या हातांनी घातला. इतक्या वर्षांची सवय. दारात माणूस आलं की हात आपोआप चालतात. तिने तिघांच्या चपला आपल्या हाताने काढून घेतल्या. पालथा हात कपाळाला लावून ताप बघितला. मनगटाला रंगीत दोरा बांधला, पिशवीला त्याच रंगाचा. आणि छातीवर, पिनेने, स्वच्छ धुतलेला रुमाल टाचला.

तिघंही इतकी गोंधळली की रुमालासकट सतरंजीवर जाऊन बसली. दुपारी जेवणं झाल्यावर मावशीने पडदे ओढले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "चला, आता सगळ्यांनी डोळे मिटायचे. ज्याचे डोळे उघडे दिसतील त्याला बिस्कीट नाही." चारही मुलांनी डोळे मिटले. दुकानवाल्या आजोबांनीही मिटले. फिटरकाका मात्र उठून संडासात गेले, आणि तिथली घोट्याएवढी बैठक बघून तसेच बाहेर आले, दाराची उंचावरची कडी काढली आणि भर बाजारातून घरी चालत गेले. रुमाल छातीवर तसाच.

संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर एकच विषय. फिटरकाकांना शिशुवर्गात घातलं. पास झाले का? डबा संपवला का? दुसऱ्या दिवशी कोणी म्हणजे कोणी आलं नाही.

फिटरकाका ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. मावशी दिसताच त्यांनी वर्तमानपत्र उघडलं; उलटं धरलंय हे त्यांच्या लक्षात आलं नाही आणि मावशीने ते लक्षात आणून दिलं नाही.

"काका, माफी मागायला आलेय."

"कसली? छान व्यवस्था होती. फक्त अंगाई राहिली."

"चुकलं माझं. हाताला सवय झालीय. समोर कोण आहे ते हातांना कळलं नाही."

"मावशी, त्या कारखान्यातलं एकेक यंत्र मी उभं केलंय. आणि तुम्ही मला रुमाल टाचलात."

"टाचला."

"नाक पुसायला."

"हो." मावशी खाली बघत नव्हती, सरळ त्यांच्याकडेच बघत होती. "दोरे गेले, रुमाल गेले. मोठ्यांसाठी खुर्च्या आल्यात. दाराची कडी खाली घेतलीय, ज्याला जायचं त्याने केव्हाही जावं. आणि संडासात उंच बैठक बसवलीय, बाजूला धरायला दांडा."

वर्तमानपत्र थोडं खाली आलं. "दांडा कोणी बसवला?"

"सुताराने."

"हलतो?"

"थोडा हलतो."

"हलणारच! खिळे मारले असतील त्याने. भिंतीत आधी लाकडी गुल्ली ठोकून तिच्यात स्क्रू मारावा लागतो, एवढं साधं..." मग फिटरकाका थांबले. आपण कुठल्या बाजूला घसरत चाललो हे त्यांच्या ध्यानात आलं असावं.

आतून त्यांची सून हात पुसत बाहेर आली. कारखान्यात तिच्याइतकं वेगाने यंत्र चालवणारं आता कोणी उरलेलं नाही. "मावशी, मी पहिल्या तारखेला सोडतेय म्हणून सांगून ठेवलंय," ती हळूच म्हणाली. "काय करणार? यांची साखर मध्येच उतरते. मागच्या वेळी गॅसवर दूध ठेवून हे जमिनीवर."

"मी ऐकतोय," काका म्हणाले.

"तुम्ही ऐकावं म्हणूनच बोलतेय, मामंजी."

फिटरकाकांनी वर्तमानपत्राची घडी घातली. त्यांचा आवाज आता भांडणाचा नव्हता. "मी येत नाही असं म्हणत नाही, मावशी. पण पहिला मी नाही यायचा. पहिल्या माणसाकडे सगळा बाजार बोट दाखवतो, ते मी एकदा सोसलंय. दुसरं कोणी आधी येऊन बसू दे. मग येतो. येताना स्क्रूही घेऊन येतो."

दोघी पायऱ्या उतरल्या. कोपऱ्यावर वळल्यावर भाचीने विचारलं, "टायपिस्टबाई काय म्हणाल्या होत्या गं?"

"फिटरकाका आले की मी येते."

"आणि दुकानवाले आजोबा?"

"टायपिस्टबाई आल्या की."

भाचीला पुन्हा हसू आलं, पण यावेळी ते ओठांपर्यंत पोचलं नाही. "म्हणजे दुसरं यायला सगळे तयार."

"हं. पहिलं तेवढं हवंय."

उताराला शाळा लागते. भाची या शाळेत शिकली तेव्हा तिथे दोन पाळ्या भरायच्या, आणि तरीही एका बाकावर चौघी. कडेला बसेल तिचा अर्धा पाय हवेत. आता वरच्या मजल्यावरच्या खिडक्या बंद होत्या आणि एका वर्गात शाळेची मोडकी बाकं एकावर एक रचलेली काचेतून दिसत होती. समोर पूर्वी झबली-टोपड्यांचं दुकान होतं, त्या जागी चष्म्यांचं झालंय. मालक तोच.

"तुला लिहायचंय ना काहीतरी?" मावशी म्हणाली. "मग हे लिही. आम्ही नऊ भावंडं. मी दुसरी. तुझी आई सातवी. माझी ही कंबर डाव्या बाजूला कलती आहे ना, ती पोरं कडेवर वागवून. एक उतरलं की दुसरं. चौथीत होते तेव्हा बाईंनी घरी येऊन सांगितलं, मुलगी हुशार आहे. आई म्हणाली, हुशार आहे म्हणूनच घरी पाहिजे."

"राग नाही आला?"

"कोणावर? तिला तरी कुठे काही सुचत होतं? एक पगार आणि अकरा ताटं. बाबा भाकरी मोडायचे ती सगळ्यांना पुरेल इतकी मोडायचे. पुरायची. पोट भरायचं नाही, पण पुरायची." मावशीने चप्पलेतला खडा झटकला. "आणि घरोघरी तेच. त्यामुळे कारखाना आला तेव्हा फाटकावर ही गर्दी. कोणी पगार वाढवा म्हटलं की मुकादम नुसता बाहेर बोट दाखवायचा. तोंडाने तो नाही म्हणायचाही नाही. बोट दाखवलं की पुरे. वर्षानुवर्षं एक दमडी वाढली नाही."

हे भाचीने आईकडून ऐकलेलं होतं, पण बोटाचं ऐकलेलं नव्हतं.

मग मावशीने सुताचं रिकामं गोदाम मागून घेतलं आणि तिथे सतरंज्या अंथरल्या. तोवर बाई बाळंत झाली की काम सुटायचं. मूल चालायला लागेतो दुसरं पोटात. खोली झाली आणि बाया कामावर टिकल्या. पगार त्यांच्या हातात यायला लागला, तसा त्यांचा आवाजही घरात ऐकू यायला लागला. कोणी मुलीला दहावीपर्यंत ठेवलं, कोणी त्यापुढे. किती मुलं व्हावीत हे मावशीने कधी कोणाला सांगितलं नाही. ते देणारा वर बसलाय, आपण कोण, असं ती म्हणायची. पण बाळ घ्यायला येणाऱ्या आईला ती एवढं जरूर म्हणायची, की जे पदरात आहे ते नीट वाढव. पाचाच्या जागी तिघं झाली, तिघांच्या जागी दोन. हात पुष्कळ आणि खाणारी तोंडं कमी, असे ते दिवस आले. पत्र्याच्या जागी स्लॅब पडली. घरोघरी पंखे आले. तुझ्या आईने शिवणयंत्र घेतलं तेव्हाच, मावशी म्हणाली, आणि पहिल्यांदा मला झगा शिवला, एवढ्या वयात मला झगा!

"मग खोलीने आपलंच काम संपवलं की," भाची म्हणाली. "बाळं कमी झाली म्हणून तर बंद पडतेय."

"निम्मं संपवलं." मावशी थांबली. कोपऱ्यावरच्या बागेत घसरगुंडीवर कोणीतरी गाद्या वाळत घातल्या होत्या आणि बाकांवर म्हातारे ओळीने बसले होते. "ती मोठ्या गर्दीतली पोरं कुठे गेली असं वाटतं तुला? ही बघ. तीच ही. त्यांच्यापैकी निम्म्यांचे धाकटे भाऊ मी सांभाळलेत. तेव्हा हात होते आणि काम नव्हतं. आता काम आहे आणि हात घरी बसून म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत थेंब घालतायत. तू घरी बस, फिटरकाकांची सून घरी बसू दे, मग कारखाना इथे कशाला राहील? उठून जाईल जिथे फाटकावर गर्दी आहे तिथे. मग तुझ्या पोरीला काय, या बागेत नोकरी?"

"साहेबांना पटलं तर ठीक..."

"साहेब राहू दे. साहेबांनी त्यांचं सांगितलं. आता माझं काम."

भाचीने विषय बदलायचा म्हणून विचारलं, "आणि मावशी, तुझं काय? तुला कोण आणून सोडणार?"

"मला सोडायला कशाला कोण पाहिजे? मी तिथेच असणार. किल्ली माझ्याकडे आहे." तिला स्वतःलाच त्याचं हसू आलं. तिची एकुलती लेक दूरच्या शहरात आहे, दर आठवड्याला फोन करते, तिकडे ये म्हणते. मावशी दरवेळी बघू म्हणते, आणि आठवड्याने पुन्हा बघू.

भाचीच्या घराची गल्ली जवळ आली तशी तिची चाल मंदावली. सासूबाई खिडकीशी बसलेल्या असतील हे तिला ठाऊक होतं. बाई ताठ कण्याची. इतकी वर्षं पहिला चहा स्वतः करून सुनेला हाक मारणारी. पडल्यापासून फक्त हाक मारते, आणि त्याचंच तिला जास्त लागतं. आणि दूर कुठेतरी नणंद होती, जिची जीभ टेलिफोनच्या तारेतूनही टोचायची. आईला पाळणाघरात घातलंस का गं, वहिनी? हे वाक्य नणंद अजून बोलली नव्हती, पण भाचीला ते केव्हापासून ऐकू येत होतं.

"मावशी," ती म्हणाली, "तू आता कोणाकडे जाणार आहेस पहिलं माणूस शोधायला?"

मावशी गल्लीच्या तोंडाशीच उभी राहिली. पुढे आली नाही.

"सगळी दुपार तुला बरोबर घेऊन फिरतेय. तुला काय वाटतं?"

भाचीची नजर गल्लीतल्या आपल्या खिडकीकडे गेली.

"मी तुला सक्ती करणार नाही. तुझी सासू माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठी, मी तिला ओळखते. ती येईल की नाही ते तिचं तिने ठरवायचं, आणि मी स्वतः येऊन तिला विचारणार आहे, आत्ता, तुझ्यासमोर. तिला आवडली नाही खोली तर दुसऱ्या दिवसापासून आणू नकोस, मी तुला एका शब्दाने बोलणार नाही. पण ती हो म्हणाली आणि तू लाजलीस, तर सगळं फुकट."

"लोक म्हणतील टाकली."

"म्हणतील. दोन दिवस म्हणतील. मला तर लोक वेडी म्हणायचे, दुसऱ्यांची पोरं सांभाळते म्हणून. मग आपलीच आणून द्यायला लागले."

"आणि नणंद?"

"नणंदेला म्हणावं, येऊन घेऊन जा. बघ तार कशी गप्प होते."

भाचीला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले, म्हणून तिने तोंड दुसरीकडे केलं. गल्लीत कोणीतरी बादली ओतत होतं. खिडकीचा पडदा हलला. सासूबाईंनी दोघींना बघितलं असावं.

मावशीने तिचा हात धरला. त्या हाताची पकड अजून घट्ट होती.

"त्या पहिल्या दिवशी सगळ्यांनी आपापली माणसं मागच्या गल्लीने आणली. मी बघितलं आणि बोलले नाही, तिथेही चुकलंच माझं. लपवून आणलेलं माणूस लपवल्यासारखंच बसतं," ती म्हणाली. "म्हणून एवढंच मागते तुझ्याकडे. तुझ्या अंकात माझ्यावर एक ओळ नाही आली तरी चालेल. उद्या पहिल्या पाळीला, सगळ्या बाया आत शिरत असतील तेव्हा, सासूबाईंचा हात धरून पुढच्या फाटकाने ये."